सूर्यास्ताचे फोटो: डोळ्यांना दिसलं ते कॅमेऱ्यात का उतरत नाही?

कातरवेळ (धागाकर्ती)

सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. समोर आकाश पेटलं होतं आणि फोटोत आलं काय, तर मधोमध पांढरा ठिपका, भोवती फिकट पिवळं वलय आणि खाली काळाकुट्ट पट्टा. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. माझ्या मते दोष तिथे नाही, म्हणून हा धागा.

फोटोच्या दृष्टीने सूर्यास्तात तीन विषय एकत्र आलेले असतात: बिंब, आकाश आणि जमीन. तिघांच्या उजेडात प्रचंड तफावत. आजचा चांगला सेन्सर बेस आयएसओला (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेला) साधारण १४ स्टॉप पेलतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भागांत सुमारे १६,००० पटींचा फरक. बिंब अजून तळपत असेल तर बिंब आणि झाडाखालची सावली यांतला फरक त्याच्या कितीतरी पुढे जातो. आपले डोळे हे सगळं एका दमात बघत नाहीत. आकाशावरून नजर जमिनीवर आली की डोळा तेवढ्यात जुळवून घेतो, आणि तुकड्यातुकड्यांनी पाहिलेलं मेंदू जोडून देतो. कॅमेऱ्याला मात्र सगळ्या फ्रेमसाठी एकच एक्स्पोजर (आत घ्यायच्या उजेडाचं प्रमाण) द्यावं लागतं.

म्हणून शटर दाबण्याआधी ठरवायचं, तिघांपैकी आज कोण. बिंब हवं असेल तर जमीन काळी जाऊ द्या. आकाशाचे रंग हवे असतील तर बिंब ढगाआड किंवा क्षितिजाखाली जाईपर्यंत थांबा. जमीन हवी असेल तर सूर्याकडे पाठ करा, कारण ते तिरपं सोनेरी ऊन आपल्या मागून येऊन समोरच्या झाडांवर, भिंतींवर, चेहऱ्यांवर पडलेलं असतं. तिन्ही एकाच फोटोत मागितली की बहुतेक वेळा तिन्ही अर्धवट मिळतात.

माझी पद्धत अशी: बिंब फ्रेमबाहेर ठेवून शेजारच्या आकाशावर मोजमाप घेते, एक्स्पोजर मॅन्युअलला बांधते, मग फ्रेम जुळवते. त्यानंतर एक स्टॉप कमी, दोन स्टॉप कमी असे आणखी फोटो. उजेड भराभर उतरत असतो, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने मोजमाप पुन्हा.

तुम्ही कसं करता? आणि एक गोष्ट मला फार खटकते. एक्स्पोजर बऱ्यापैकी बरोबर दिसत असूनही केशरीचं पिवळं होतं. त्यावर कुणी सविस्तर लिहील का?

---

भिंग

केशरीचं पिवळं का होतं ते सांगतो.

केशरी म्हणजे लाल भरपूर, हिरवा मध्यम, निळा थोडा. एक्स्पोजर वाढत गेलं की सगळ्यांत आधी लाल चॅनेल वरच्या टोकाला, २५५ ला, जाऊन अडकतो. हिरवा अजून वाढतच असतो. लाल अडकलेला आणि हिरवा चढतोय, म्हणजे रंग पिवळ्याकडे सरकणार. पुढे हिरवाही टोकाला गेला आणि निळा चढला की पांढरा. बिंबाभोवती पांढरं, पिवळं, केशरी अशी कडी दिसतात त्यातली बरीचशी अशीच तयार झालेली असतात. आकाशात ती तितकी ठळक नसतात.

कॅमेऱ्यावरचा साधा हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) इथे दगा देतो. तो तिन्ही रंगांची सरासरी काढतो आणि त्यात हिरव्याला सर्वांत जास्त वजन असतं. लाल पूर्ण अडकला तरी हा आलेख मधोमध सुखरूप दिसतो. म्हणून मेनूत जाऊन तिन्ही रंगांचे वेगळे आलेख चालू करा आणि सूर्यास्ताच्या वेळी फक्त लालकडे बघा. तो उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर कमी करा, मग बाकी फोटो कितीही काळपट वाटो.

दुसरी गोष्ट, हा आलेख रॉ फाइलचा (सेन्सरच्या कच्च्या नोंदीचा) नसतो. कॅमेरा आतल्या आत जेपेग बनवतो त्याचा असतो. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ शैली निवडली असेल तर लाल आधीच ताणलेला दिसतो. उबदार व्हाइट बॅलन्सनेही (रंगांची झाक ठरवणारी सेटिंग) तेच होतं. त्यामुळे रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. शैली ‘न्यूट्रल’ ठेवली तर आलेख खऱ्याच्या जास्त जवळ येतो.

---

निळाई

भिंग, हे ‘फक्त लालकडे बघा’ फार कामाचं आहे. धन्यवाद.

व्हाइट बॅलन्सवर माझी भर. ऑटो अजिबात नको. ऑटोचं कामच मुळी रंगाची झाक काढून टाकणं, आणि सूर्यास्तात ती झाक हाच तर विषय! मी डेलाइटवर, म्हणजे ५,२०० ते ५,५०० केल्विनच्या आसपास ठेवते. काही जण मुद्दाम ‘शेड’ लावतात, पण त्याने आकाशाच्या वरच्या भागातला निळा मळकट होतो. केशरी खुलतं ते शेजारी निळा असतो म्हणून, त्यामुळे तो मारून केशरी वाढवण्यात मला तोटा दिसतो.

---

पाऊलवाट

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. तुमच्या चर्चेतलं माझ्या उपयोगाचं काय?

---

कातरवेळ

@पाऊलवाट, बरंच काही. आधी लेन्स पुसा. बोटाचा तेलकट ठसा असेल तर सूर्यातून आडवी धुरकट रेघ निघते आणि सगळा फोटो पांढुरका होतो.

मग स्क्रीनवर बिंबाच्या शेजारच्या उजळ आकाशाला स्पर्श करून बोट दाबून ठेवा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. शेजारी उजेडाची खूण येते, ती खाली ओढा. रंग भरून आलेले दिसेपर्यंत ओढत राहा. प्रो मोड आणि रॉ असेल तर ते वापरा. नसेल तरी एवढ्याने फरक पडतो, कारण मोबाइल स्वतःहून अनेक फोटो जोडून सावल्या उजळ करू बघतो आणि तुम्ही खूण खाली ओढल्याने त्याला सांगता की सावली काळी असलेली मला चालेल.

वाइड कॅमेऱ्यात बिंब टाचणीच्या टोकाएवढं येणार हे आधीच धरून चाला. डिजिटल झूम करून ते मोठं करण्यापेक्षा मोबाइलवर आकाश हाच विषय घ्या. पसरलेल्या ढगांना वाइड लेन्स फार छान न्याय देते.

---

लांबपल्ला

बिंब लहान का येतं त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. सेन्सरवर त्याचं चित्र किती मोठं पडेल हे हवं असेल तर फोकल लेन्थला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) साधारण १०८ ने भागा. २४ मिमीला बिंब ०.२२ मिमी, ४०० मिमीला ३.७ मिमी. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी, त्यामुळे ४०० मिमीलाही बिंब उंचीच्या सहाव्या हिश्शाहून कमीच.

‘मोठ्या सूर्यासमोर उभा माणूस’ या फोटोचं गुपितही याच आकड्यात आहे. सूर्याचा आकार आपण बदलू शकत नाही, पण माणसाचा दिसणारा आकार अंतराने बदलतो. एखादी गोष्ट तिच्या उंचीच्या सुमारे १०८ पट दूर असली की ती सूर्याएवढी दिसते. १.७ मीटर उंचीचा माणूस सुमारे १८५ मीटरवर. १२ मीटरचं झाड सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे खटाटोप लेन्सपेक्षा जागेचा जास्त असतो: इतक्या लांबून मोकळी नजर जाईल, मागे क्षितिज असेल आणि सूर्य नेमका त्या रेषेत मावळेल अशी जागा.

आणि ही रेषा रोज बदलते. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास मावळतीची जागा दिवसाला ०.४ अंशाच्या घरात सरकते, विषुववृत्तापासून दूर गेलात तर त्याहून जास्त. बिंबाची रुंदीच अर्धा अंश, त्यामुळे आज जुळलेली चौकट उद्या जवळजवळ एक बिंबभर हुकते. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांना मात्र जागा कित्येक दिवस हलत नाही म्हटलं तरी चालेल. ठरवून एखाद्या मनोऱ्यामागे बिंब पकडायचं असेल आणि तो मनोरा त्या टोकाच्या दिशेला असेल, तर या दिवसांत सवड मिळते.

अजून एक. बिंब सरळ खाली येत नाही. उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तर ते उजवीकडे सरकत उतरतं, दक्षिण गोलार्धात डावीकडे. स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला साधारण दोन मिनिटं लागतात. आधी दिसलेल्या जागेच्या थेट खाली ट्रायपॉड लावून वाट बघितली तर बिंब बाजूने निघून जातं.

---

जुनी_रीळ

लांबपल्ला यांनी हिशेब उत्तम मांडला, पण त्याआधी डोळ्यांचं बोलायला हवं होतं. मी जरा कडक लिहितो, राग मानू नये.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आणि लांब लेन्स घेऊन तळपत्या सूर्याकडे बघायचं नाही. लेन्स सगळा प्रकाश एकवटून थेट दृष्टिपटलावर टाकते, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा झाली तरी त्या क्षणी दुखत नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला म्हणजे सुरक्षित हाही गैरसमज आहे. दिसणारा उजेड कमी झाला तरी अवरक्त किरण त्यातून पुष्कळ जाऊ शकतात. लाइव्ह व्ह्यू वापरा, स्क्रीनवर बघा.

मिररलेस कॅमेऱ्यात डोळा वाचतो, पण लांब लेन्स सूर्याकडे रोखून ट्रायपॉडवर तशीच ठेवली तर शटरचे पडदे आणि सेन्सर तापतात. फोटो काढून झाला की लेन्सला झाकण.

---

लांबपल्ला

@जुनी_रीळ, अगदी योग्य. हे सगळ्यांत वर असायला हवं. धागाकर्तीने जमल्यास मूळ लेखात जोडावं.

---

ढगवेडा

इथे बराच वेळ बिंबाबद्दलच बोलणं चाललंय. माझ्या मते खरा सोहळा बिंब बुडाल्यावर सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच मंडळी सामान आवरायला घेतात.

क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट जास्त हवेतून येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा साधारण चौपट विखुरतात. एवढ्या लांबच्या वाटेत निळा गळून जातो आणि उरलेला तांबूस प्रकाश पुढे येतो. तो पडायला पडदा हवा, आणि तो पडदा म्हणजे ढग. उंचावरचे, पिंजलेले, तंतूंसारखे ढग सर्वोत्तम. जमिनीवर सूर्य मावळलेला असतो, पण १० किलोमीटर उंचीवरच्या ढगाला तो अजून दिसत असतो. सूर्य क्षितिजाखाली ३ अंश जाईपर्यंत त्या ढगावर थेट ऊन पडू शकतं, म्हणजे मावळल्यानंतर दहा ते पंधरा मिनिटं, आणि ध्रुवांच्या बाजूला गेलात तर त्याहून बराच वेळ. खालचे एक किलोमीटरवरचे ढग मात्र काही मिनिटांतच राखाडी होतात.

आता आडाखा कसा बांधायचा. त्या १० किलोमीटरवरच्या ढगाला शेवटचा स्पर्श करणारा किरण पश्चिमेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर जमिनीला घासून आलेला असतो. तिथे ढगांची भिंत असेल तर तुमच्या डोक्यावर कितीही सुंदर ढग असोत, ते पेटत नाहीत. म्हणून मी निघण्याआधी उपग्रहाच्या चित्रात डोक्यावरचे ढग बघतो आणि त्याहून काळजीपूर्वक पश्चिमेची फट बघतो. वर ढग आणि पश्चिमेला मोकळं असेल तर हमखास निघायचं.

धुरकट हवेत रंग खुलतात असं ऐकू येतं, ते मला पटत नाही. जमिनीलगतची धूळ आणि धूर सगळेच रंग विखुरतात, त्यामुळे आकाश मळकट पिवळं होतं आणि बिंब क्षितिजाच्या वरच विझतं. पाऊस पडून हवा धुऊन निघाली की रंग स्वच्छ येतात. अपवाद मोठ्या ज्वालामुखींचा. त्यांचे सल्फेटचे बारीक कण थेट स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात) जातात आणि महिनोन्‌महिने तिथे राहतात. १८८३ मध्ये क्राकाटोआच्या उद्रेकानंतर पार लंडनमध्ये आकाश इतकं पेटायचं की विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकाराने थेम्सकाठी बसून त्या संध्याकाळींची पेस्टल रेखाटनं केली. १९९१ च्या पिनाटुबोनंतरही जगभर असे सूर्यास्त दिसले होते.

आणि पूर्वेकडे वळून बघत जा! हवा निरभ्र असेल तर मावळतीनंतर पूर्वेला क्षितिजालगत निळसर करडा पट्टा चढू लागतो. ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा. तिथे उजेडाची तफावत इतकी कमी असते की कातरवेळ म्हणतात तशी आकाश आणि जमीन यांत निवड करावी लागत नाही, एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावतात.

---

कातरवेळ

ढगवेडा, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. साडेतीनशे किलोमीटरचा हिशेब माहीत नव्हता. आता कळलं की डोक्यावर झकास ढग असूनही काही संध्याकाळी कोरड्या का जातात.

---

निळाई

माझा प्रश्न: ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक) घ्यावा की ब्रॅकेटिंग करून, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन, नंतर जोडावं?

---

जुनी_रीळ

फिल्टर. जे समोर आहे ते तिथेच साधावं. सॉफ्ट ग्रॅड आणि ज्याची गडद पट्टी मधोमध असते तो रिव्हर्स ग्रॅड, असे दोन पुरेत. सूर्यास्ताला सर्वांत उजळ भाग क्षितिजालाच असतो, वर नाही, म्हणून रिव्हर्स. ०.९ लिहिलेला फिल्टर ३ स्टॉप कापतो, तेवढा बहुतेक वेळा बास होतो.

जोडलेल्या फोटोंत मला खुपतं ते हे की सावलीतला खडक आकाशापेक्षा उजळ केलेला असतो. ज्या आकाशातून उजेड येतोय त्याहून सावलीतली वस्तू उजळ कशी असेल? बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

---

भिंग

@जुनी_रीळ, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के मान्य. पण तो दोष ब्रॅकेटिंगचा नाही, सावली किती उचलायची हे न कळण्याचा आहे.

फिल्टरची अडचण क्षितिज सरळ नसलं की सुरू होते. डोंगर किंवा झाड वर घुसलेलं असेल तर त्याचा शेंडा उगाच काळा होतो. शिवाय सूर्य थेट फ्रेममध्ये असताना लेन्सच्या पुढे आणखी एक काच म्हणजे प्रतिबिंबांना आमंत्रण. फ्रेममध्ये बिंबाच्या बरोबर विरुद्ध बाजूला उलटा हिरवट ठिपका दिसतो तो बऱ्याचदा यूव्ही फिल्टरचा प्रताप असतो. तो काढून ठेवा. पोलरायझरचाही सूर्याकडे बघताना उपयोग नाही. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सर्वांत जास्त असतो.

मी ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घेतो आणि आपोआप जोडणारं सॉफ्टवेअर न वापरता हाताने मास्क करतो. आकाश कमी एक्स्पोजरमधून, जमीन मधल्यातून. तिसरा बहुतेक वेळा लागतच नाही. जमीन काळपटच ठेवतो, फक्त त्यात आकार कळतील एवढी. पाणी, गवत, माणसं हलत असतील तर हलणारा भाग एकाच फोटोतून घ्यायचा, नाहीतर दुहेरी कडा येतात.

---

जुनी_रीळ

असं केलंत तर माझी हरकत नाही. लाटा असतील तर मात्र मी फिल्टरच वापरेन.

---

पाऊलवाट

माणसांचं काय? घरच्यांचे फोटो सूर्यास्तासमोर काढले की चेहरे काळे.

---

कातरवेळ

दोन वाटा आहेत. पहिली, चेहरा काळाच असू द्या आणि आकृती ओळखू येईल असं उभं करा. समोरून उभं केलं की नुसता ठोकळा दिसतो. बाजूने उभं करा, म्हणजे नाक, हनुवटी, केसांची बट कळते. दोघं असतील तर त्यांच्यामध्ये आकाशाची फट हवी. आणि कॅमेरा खाली घ्या, गुडघ्यावर बसा, म्हणजे डोकी क्षितिजरेषेने कापली जाणार नाहीत.

दुसरी वाट म्हणजे बिंब बुडेपर्यंत थांबणं. मग आकाश मऊ होतं, आणि त्यांना पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं तर तोच तांबूस उजेड चेहऱ्यावर येतो. मागे पूर्वेचं गुलाबी आकाश मिळतं, ढगवेडा यांनी सांगितलेलं. फ्लॅश वापरायचाच झाला तर अगदी कमी ताकदीचा, शक्यतो नारिंगी जेल (फ्लॅशवरची रंगीत पारदर्शक पट्टी) लावून, नाहीतर चेहरा पांढराफटक आणि मागे केशरी आकाश असं विजोड दिसतं.

---

लांबपल्ला

बिंबाच्या आकाराबद्दल राहिलंच. लांब लेन्सने काढलेलं बिंब कधी चपटं, कधी खाचा पडल्यासारखं दिसतं. तो लेन्सचा दोष नाही. क्षितिजावर हवा प्रकाश सुमारे ३४ कलांनी (६० कला म्हणजे एक अंश) वाकवते, म्हणजे बिंबाच्या पूर्ण रुंदीहून थोडं जास्तच. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब उभ्यात साधारण सहाव्या हिश्शाने दबतं. खाचा पडतात त्या वेगवेगळ्या तापमानाच्या थरांमुळे. संपादनात ते गोल करायला जाऊ नका, ती त्या दिवशीच्या हवेची खरी नोंद आहे.

---

निळाई

शेवटचा प्रश्न. रॉमध्ये आकाश एकसलग दिसतं, पण इथे चढवलं की त्यात पट्टे पडतात. का?

---

भिंग

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. निरभ्र आकाशात केशरीपासून निळ्यापर्यंतचा बदल अतिशय हळू होतो, त्यामुळे पायऱ्या कमी पडल्या की त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. त्यात संकेतस्थळ फोटो आणखी दाबतं.

सगळं संपादन १६ बिटमध्ये करा आणि जेपेग अगदी शेवटी एकदाच बनवा. चढवण्याआधी आकाशावर किंचित ग्रेन (बारीक दाणे) टाका, पट्ट्यांच्या कडा त्यात विरून जातात. आकाशातला नॉइज पूर्ण घासून काढू नका, कारण तोच पट्टे लपवत असतो. फोटो इथे चालतो त्याच मापाचा करून द्या, म्हणजे संकेतस्थळाला तो पुन्हा लहान करावा लागणार नाही. आणि सॅच्युरेशनचा सरकपट्टा सगळ्यांना एकदम लावण्याऐवजी केशरी आणि लाल वेगवेगळे हाताळा, लाल आधीच काठावर असतो. एवढं करून पट्टे राहिले तर रॉ फाइल पाठवा, मी बघतो.